उगवण कमी, काळजी घेणे

रविवारी सकाळी निशिकांतने काचघराचा एसी अठरावर लावला आणि अर्ध्या तासात काचांना घाम फुटला. तोही बाहेरून. जगात बाकी ठिकाणी काचघरं आतून घामेजतात, कारण लोक त्यांत ऊब कोंडतात. सिंगापूरच्या ईस्ट कोस्टवरच्या या घरामागे, तेरा बाय आठ फुटांच्या तुकड्यावर, एका निवृत्त बँकवाल्याने थंडी कोंडली होती. उलटा कारभार. पण वर्तकांच्या घरात सुलटा कारभार कधी झालाय, की आत्ताच व्हावा?

एसी बसवायला आलेल्या माणसाने महिन्याभरापूर्वी विचारलंच होतं, "अंकल, कॅन, कॅन. बट इनसाइड नोबडी स्लीप, फॉर वॉट लाह?" निशिकांतने त्याला रोवनबद्दल साग्रसंगीत सांगितलं. स्कॉटलंडच्या डोंगरांत होणारं झाड, उन्हाळा संपता संपता लालभडक फळांचे घोस लागतात, पण थंडीत पडून राहिल्याशिवाय त्याचं बी काही केल्या जागं होत नाही. त्या माणसाने सगळं शांतपणे ऐकलं आणि जाताना नीताला हळूच विचारलं, "आंटी, अंकल ओके?"

"ओकेच म्हणायचं," नीता म्हणाली होती.

नीताचा राग वेगळाच होता. काचघर उभं राहिलं ते तिच्या अळूवर. सोळा वर्षांचा वाफा होता तो. क्वीन्सटाउनपासून थेट जुरॉंगपर्यंत ज्यांच्या घरी म्हणून गणपतीत अळूची भाजी होते, ते सगळे तिच्याकडूनच पानं नेत. तो वाफा एका शनिवारी उखडला गेला आणि त्या जागी जुन्या खिडक्यांच्या काचा, पश्चिमेला थर्माकोल, वर हिरवी जाळी, हवा खेळती राहावी म्हणून पंखा, झाडांचे खास दिवे आणि दिवसातलं कमीत कमी, जास्तीत जास्त तापमान दाखवणारा थर्मामीटर आला. चौदा कुंड्या आल्या. त्यांत खडीसारखा हलका दगड आणि कुजलेली पानं मोजून मिसळली गेली. सगळी तयारी जय्यत होती. फक्त झाड नव्हतं.

"घरातला फ्रिज पुरत नाही म्हणून अंगणात दुसरा बांधलाय," नीता येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायची.

हे सगळं चाललं होतं ते स्मिताच्या एका वाक्यापायी.

स्मिता ही निशिकांतची थोरली बहीण. वय एकाहत्तर. सत्तेचाळीस वर्षं इनव्हर्नेसजवळ राहिलेली, तिथल्या इस्पितळात भूल देणारी डॉक्टर म्हणून निवृत्त झालेली. ॲलन नावाच्या शाळामास्तराशी लग्न केलं म्हणून वडिलांनी, अण्णांनी, बारा वर्षं घरात तिचं नाव काढू दिलं नव्हतं. त्या बारा वर्षांत दर महिन्याला तिला पत्र टाकणारा एकटा निशी. ॲलनला जाऊन चार वर्षं झाली. लग्नाच्या वर्षी त्याने फाटकाशी लावलेलं रोवन मात्र अजून उभं होतं, आणि गेल्या वर्षी जानेवारीत त्याच झाडाखाली, बर्फावर पाय घसरून, स्मिता चाळीस मिनिटं पडून होती. पोस्टमनच्या नजरेस पडली म्हणून वाचली.

तेव्हापासून प्रश्न एकच. हिवाळ्यात तिने एकटीने राहायचं नाही, मग करायचं काय? तिने घर विकायचं ठरवून म्हाताऱ्यांच्या एका वसतिगृहात खोली बघून ठेवली होती. निशिकांतचं म्हणणं, घर कशाला विकतेस? हिवाळ्याचे तीन महिने आमच्याकडे ये, उरलेले नऊ आपल्या घरी आपल्या झाडाखाली राहा. स्मिता म्हणे, तीन दिवसांची पाहुणी ठीक, तीन महिन्यांची पाहुणी कुणालाच नको असते. असं सात-आठ महिने चाललं. शेवटी एकदा फोनवर वैतागून ती बोलून गेली, "तुझ्या दारात रोवन उगवलं ना निशी, की येईन दर हिवाळ्यात. जा."

ती बोलली टाळायला. यानं घेतलं मनावर. तिने चेष्टेने चिमूटभर बी धुऊन, सुकवून, परवानगीचे रीतसर कागद करून पाठवलं, आणि याने अळू उखडला.

वसतिगृहाला सोमवारी उत्तर द्यायचं होतं. स्मिता गुरुवारी सिंगापूरला येऊन पोचली होती आणि आज रविवार होता.

---

"पंचवीसांत एक उगवतं गं," स्मिता म्हणाली. "तेही आमच्याकडे. इथे तुमच्या या वाफाऱ्यात काय होणार?"

स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ती वाल सोलत होती. मोड आलेले वाल कोमट पाण्यात होते आणि एकेकाची साल अंगठ्याने दाबून ती डाळिंबी बाहेर काढत होती. इतक्या वर्षांत बिरडं सोललं नव्हतं तिने, पण बोटं विसरली नव्हती. मोड न तुटता डाळिंब्या ताटलीत पडत होत्या.

"ताई, एक विचारू?" नीता खोबरं वाटता वाटता थांबली. "नाही उगवलं, तर तुम्ही खरंच त्या वृद्धाश्रमात जाणार?"

"वृद्धाश्रम म्हणू नकोस. संध्याकाळी शेरी देतात तिथे."

"माझा प्रश्न तसाच राहिला."

स्मिताने दोन वाल सोलले. "मी इथे येऊन काय करू, नीता? तू बसू देणार नाहीस आणि काही करूही देणार नाहीस. आज हट्टाने वाल घेतले म्हणून. कालपासून चार वेळा चहा हातात आलाय माझ्या. बरं वाटतं, पण तीन महिने असा चहा पीत बसले तर मी त्या बर्फात पडले होते तेच बरं होतं म्हणेन."

नीताला हे अगदी पटलं. या घरी ती एकोणचाळीस वर्षांपूर्वी आली तेव्हा हिचं नाव काढायची बंदी होती. चोरून आलेल्या पत्रांतून तिने ही नणंद ओळखली होती. ती दर वर्षी यावी असं नीतालाही फार वाटत होतं, अळू गेला तरी.

"यांचं काय होईल हो?" ती म्हणाली. "रोज सकाळी फ्रिज उघडून त्या बियांच्या डब्याला गुड मॉर्निंग म्हणतात."

"उघडून बघत नाही ना?"

"तुम्ही जानेवारीत बजावलंत ना, आता उकरून बघू नकोस, मी आले की एकत्र उघडू. तेव्हापासून हात लावला नाही. शब्दाला पक्के." नीताने खोबरं कढईत टाकलं. "मला दुसरीच काळजी आहे. चैत्राली तीन आठवडे झाले, धड बोलत नाही. फोन केला की हो आई, नाही आई, ठेवते आई. काय चुकलं माझं, कळायला मार्ग नाही."

"विचार की तिला."

"विचारलं असतं. पण सुनेला काही विचारायचं म्हणजे मला दहा वेळा जीभ चावावी लागते."

---

त्याच वेळी केंबंगनहून निघालेल्या बसमध्ये चैत्राली मांडीवर पिशवी घेऊन बसली होती. पिशवीत बर्फाची पाकिटं, आणि त्यांच्यामध्ये स्टीलचा एक डबा. शेजारी रोहन फोनवर फुटबॉलचे निकाल बघत होता. त्याला डब्याचा पत्ता नव्हता.

संक्रांतीनंतरच्या शनिवारी सासूबाईंनी नेहमीसारखे डबे दिले होते. तिळाच्या वड्या, मेतकूट, लिंबाचं लोणचं आणि हा चौथा. घरी येऊन चैत्रालीने झाकणावरची पट्टी वाचली. अक्षर वाकडंतिकडं होतं, पण शब्द लागत होते. *रोहन. बी. थंडीत ९० दिवस. उगवण कमी, काळजी घेणे.* आत काळपट, ओलसर, बारीक दाणे असलेलं कसलंसं चाटण.

लग्नाला सहा वर्षं झाली होती. दोन वर्षांपासून ती दोघं डॉक्टरांकडे जात होती, आणि नोव्हेंबरात जो रिपोर्ट आला त्यात रोहनबद्दल जे लिहिलं होतं त्याचं मराठी भाषांतर केलं तर जवळजवळ हेच झालं असतं. कुणाला सांगायचं नाही असं ठरलं होतं. आणि याने आईला सांगितलं. आणि आईने कुठल्यातरी वैद्याकडून औषध आणून, वर ठसठशीत लेबल लावून, लोणच्याबरोबर पाठवून दिलं.

दुसरी कुणी असती तर डबा कचरा खाली टाकायच्या शूटमध्ये गेला असता. पण चैत्राली पाया लेबारच्या एका कंपनीत ऑडिट करायची, आणि ऑडिटवाली बाई पुरावा फेकत नाही. रोहनच्या हाती लागू नये म्हणून तिने डबा ऑफिसच्या पॅन्ट्रीतल्या फ्रिजमध्ये ठेवला, सर्वांत खालच्या कप्प्यात, वर स्वतःच्या नावाची चिठ्ठी लावून. तीन आठवडे तो तिथे होता. चिनी नववर्षाच्या सुट्टीत ऑफिस बंद, फ्रिज बंद नाही. आज आत्या आहेत, सगळे आहेत. आज ती डबा समोर ठेवणार होती आणि एकच विचारणार होती. एवढं धाडस कसं झालं?

"पिशवीत काय आहे?" रोहनने विचारलं.

"तुझ्या आईचा डबा. परत द्यायचाय."

"रिकामा?"

चैत्राली खिडकीबाहेर बघत राहिली. रोहनला एवढं कळलं की आज काहीतरी होणार आहे. काय, ते कळलं नाही, म्हणून तो परत फुटबॉलकडे वळला.

---

जेवण छान झालं. बिरडं सगळ्यांनी दोनदा घेतलं. निशिकांत मात्र जेवताना घड्याळ बघत होता. जेवण झालं की डबा काढायचा, काचघरात न्यायचा, ताईच्या हातून उघडायचा, असं त्याने ठरवलं होतं. त्यासाठी त्याने स्वच्छ चिमटा आणि भिंग काढून ठेवलं होतं. मनातून त्याची पार घाबरगुंडी उडाली होती. एकशे दहा दिवस झाले होते. ताईने एकदा का त्या खोलीला हो म्हटलं की घर जाणार, फाटक जाणार, आणि बहीण म्हणून फोनवरचा आवाज तेवढा राहणार. बारा वर्षं ती नुसती पत्रातली बहीण होती. आता पुन्हा तसं नको होतं त्याला.

"ताई, अजून भात?"

"निशी, मी भूल द्यायचे. घ्यायचे नाही. हा तिसरा भात आहे."

सगळे हसले. चैत्राली हसली नाही. नीताने ते पाहिलं, आणि काहीतरी बोलावं म्हणून, अगदी प्रेमाने, रोहनकडे वळून म्हणाली, "काय रे, मी दिलेला तो डबा संपला का? रोज घेतोस ना? ताकातून घे, म्हणजे बरं लागतं."

चैत्रालीचा हात थांबला. "ताकातून?"

"हो. त्याला आवडतं लहानपणापासून. वर थोडी मिरची."

"लहानपणापासून?" चैत्राली उठली. पिशवीतून डबा काढून तिने बिरड्याच्या पातेल्याशेजारी ठेवला. "आई, मी तीन आठवडे विचार करतेय की हे कसं बोलायचं. आज आत्यांसमोरच बोलते. सहा वर्षांत तुम्ही मला एकदाही विचारलं नाहीत, मला त्याचं कौतुक होतं. मी माहेरी सांगायचे की आमच्या आई कधी टोचून बोलत नाहीत. आणि मग हे? डब्यावर नाव घालून? रोहन, बी, उगवण कमी?"

"काय कमी?" नीता म्हणाली.

"आणि तू," ती रोहनकडे वळली, "आपलं ठरलं होतं ना? डॉक्टरांनी सांगितलं ते आपल्या दोघांत राहील म्हणून? आईंना कशाला सांगितलंस रिपोर्टमध्ये तुझा काउंट कमी आलाय ते?"

रोहनचे कान लाल झाले होते. तो फार हळू म्हणाला, "मी नाही सांगितलं गं. आत्ता तू सांगितलंस."

चैत्राली मटकन खाली बसली.

नीताच्या डोळ्यांत एकदम पाणी आलं. तिला एकाच वेळी दोन गोष्टी कळल्या होत्या. पोरं हे एकटी सोसत होती, आणि आपण तोंड मिटून बसण्यालाच शहाणपणा समजत होतो. "मला खरंच माहीत नव्हतं," ती म्हणाली. "मी विचारत नव्हते, कारण विचारलं की तुला लागेल असं वाटायचं."

"तुम्ही विचारत नव्हता ते मला ऐकू यायचं, आई," चैत्राली म्हणाली. तिचा राग कुठच्या कुठे गेला होता आणि आता नुसतं रडू येत होतं. "दर सणाला. दर डब्याबरोबर."

"मग मी करू काय, बोलू की गप्प बसू?"

"मला नाही माहीत. मला तर आता माझ्याशीच काय बोलावं कळत नाहीये."

स्मिताने पाण्याचा तांब्या चैत्रालीकडे सरकवला आणि म्हणाली, "आधी पाणी पी. मग रडायचं तर रड. आणि रोहन, कान झाकायचं कारण नाही. रिपोर्ट मला दाखव. कमी म्हणजे कमी, शून्य नव्हे. माझा आणि ॲलनचा शून्य होता, म्हणून मला फरक माहीत आहे."

हे तिने निशिकांतलाही कधी पत्रात लिहिलं नव्हतं. पण निशिकांतने ते ऐकलंच नाही. एवढ्या सगळ्या रडारडीत हा गृहस्थ एकटाच त्या डब्याच्या झाकणाकडे टक लावून बसला होता.

"हे माझं अक्षर आहे," तो म्हणाला.

"अहो, आत्ता काय अक्षराचं," नीता म्हणाली.

"माझं आहे. हा माझा व आहे. रोवन लिहिलंय. रोवन, बी, थंडीत नव्वद दिवस." त्याने डबा स्वतःकडे ओढला. "हा माझा डबा आहे."

निशिकांतचं अक्षर बँकेत प्रसिद्ध होतं. त्याची सही कुणाला खोटी करता आली नाही, कारण खुद्द त्यालाही ती दुसऱ्यांदा तशी जमत नसे. तो ताडकन उठला, फ्रिजपाशी गेला, तळाच्या कप्प्यातून हुबेहूब तसाच डबा घेऊन आला आणि चष्मा लावून झाकण वाचू लागला. नीताच्या गोल, सुवाच्य अक्षरात तिथे लिहिलं होतं, *रोहन. डांगर.* त्याने झाकण उघडलं. नीताने चिमूट जिभेवर ठेवली.

"डांगरच आहे. जिरं मीच भाजून घातलंय."

म्हणजे तीन आठवडे निशिकांत वर्तक रोज सकाळी उडदाच्या पिठाला गुड मॉर्निंग म्हणत होता.

पहिली हसली स्मिता. तिला आवरेना. मग रोहन. मग चैत्राली, रडता रडताच, नाक पुसत. "मी तीन आठवडे," ती म्हणाली, "मी तीन आठवडे आईंशी भांडायची वाक्यं पाठ करत होते." नीताने उठून तिला जवळ घेतलं आणि म्हणाली, "भांडायचंस की गं. फोन करून भांडायचंस. मी वेड्यासारखी विचार करत बसले की लोणचं खारट झालं का."

निशिकांत तेवढा हसत नव्हता. "चैत्राली, तू हा ठेवला होतास कुठे? बाहेर? उन्हात?"

"ऑफिसच्या फ्रिजमध्ये. बाबा, सॉरी. मला वाटलं औषध आहे."

"ऑफिसच्या," तो म्हणाला, आणि डबा दोन्ही हातांत धरून मागच्या दाराने निघाला. त्याच्या चेहऱ्यावर आता काही आशा उरलेली दिसत नव्हती.

---

काचघरात पाच माणसं म्हणजे लोकलाज सोडूनच उभं राहावं लागत होतं. नीताने शाल घेतली होती, रोहन अर्ध्या चड्डीत कुडकुडत होता, चैत्राली ओढणी कानाला गुंडाळून होती. स्मिताने मात्र आत आल्याबरोबर मोठा श्वास घेतला. गुरुवारपासून पहिल्यांदाच तिच्या पाठीवरचा घाम वाळला होता.

"ताई, तू उघड."

"तूच उघड. केलंस तू."

"तू म्हणाली होतीस एकत्र उघडू."

मग दोघांनी मिळून उघडलं. वर ओली वाळू, नारळाचा भुसा. निशिकांतने चिमट्याने थोडं बाजूला केलं. काही नाही. आणखी थोडं. भिंगाला वाफ धरली, ती त्याने शर्टाने पुसली. तो तीच वाळू पुन्हा उकरायला लागला तेव्हा नीताने चिमटा काढून घेतला.

"द्या इकडे. तुम्ही पेन्सिल धरल्यासारखं धरता."

तिने चिमटाही ठेवून दिला, आणि मुगाची उसळ बघावी तशी बोटांनी अलगद वाळू सारली. मग थांबली. वाकून बघितलं. चष्मा कपाळावर ढकलून पुन्हा बघितलं.

"अगं बाई," ती म्हणाली. "मोड आलेत."

एक, दोन, आणि कडेला चिकटलेला तिसरा. पांढरे, सुताएवढे, टोकाला किंचित वाकलेले. स्मिताने भिंग घेतलं आणि बराच वेळ दिलं नाही.

"बी पाठवलं होतं चाळीस," ती शेवटी म्हणाली. "तीन आलीत. ॲलनला दोनच्या वर कधी आली नाहीत."

"आपला फ्रिज आई दिवसातून चाळीस वेळा उघडते," रोहन म्हणाला. "ऑफिसचा सुट्टीभर कुणी उघडला नाही. चैत्राली, तुझ्यामुळे उगवलं ते."

चैत्रालीने एक बोट वाळूजवळ नेलं, पण लावलं नाही. नीताने तिच्या पाठीवर हात ठेवला, आणि या खेपेला तिने तो हात नको असल्यासारखं अंग आखडलं नाही.

निशिकांत खुर्चीवर बसला होता. तो रडत होता आणि त्याला ते लपवायचंही नव्हतं. "ताई, तू म्हणाली होतीस."

"मी म्हणाले होते, कारण मला खात्री होती उगवणार नाही."

"उगवलं."

"उगवलं खरं. जगेल का?"

निशिकांतला खोटं बोलता आलं असतं. पण तो म्हणाला, "माहीत नाही. इथे कुणी लावल्याचं मी ऐकलेलं नाही. पहिली दोन पानं येतील. पुढे काय, मला कळत नाही."

"तुला कळत नाही हे दिसतंच आहे. चार महिने तयारी करून तू तीन आठवडे डांगर राखत बसलास. तुमच्या भरवशावर झाड सोडलं तर तुम्ही सगळे मिळून ते ताकात कालवून खाल." स्मिताने डब्याचं झाकण लावलं आणि डबा स्वतःच्या पोटाशी धरला. "हे पाणी जास्त झालंय. कुंड्या अर्ध्या रिकाम्या कर, निचरा होणार नाही यांत. दिवे इतक्या वर कशाला टांगलेस? आणि ही खुर्ची आता माझी. नीता, मला एक टेबल लागेल आणि चहा दिवसातून दोनदाच."

"दोनदाच," नीता म्हणाली. "आणि या भिंतीला लागून बाहेर मला अळू लावायचाय."

"लाव की. पानं कापायला मी येईन."

रोहनने खिशातून फोन काढला. वसतिगृहाला उद्याच उत्तर द्यायचं होतं हे त्याला ठाऊक होतं, आणि आत्याला फोनवर टाइप करायचा कंटाळा हेही. "आत्या, मेल मीच लिहू का? नको म्हणून कळवतो. कारण काय देऊ?"

स्मिताने काचेवरून हात फिरवला. पलीकडे अंगण घामाने धूसर झालं होतं.

"लिही," ती म्हणाली. "हिवाळ्यात मी घरी नसते."